सटवीची रात्र आणि बाळाची नाळ

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. जोगेश्वरी पूर्वेच्या एका चाळीतल्या आजी सहा दिवसांच्या नातवाला टॉवेलात गुंडाळून माझ्या दवाखान्यात घेऊन आल्या. बरोबर त्यांचा मुलगा होता. सिझेरियन झालेली सून घरी होती, तिला अजून जिना उतरवत नव्हता. बाळ सदतिसाव्या आठवड्यात, म्हणजे थोडं आधी जन्मलेलं. तिसऱ्या दिवशी घरी आलं तेव्हा छान होतं. आता पोटऱ्यांपर्यंत पिवळं दिसत होतं, आणि कालपासून दूध प्यायला उठवावं लागत होतं.

मी लहान मुलांची डॉक्टर नाही. पण इतकं पिवळं आणि सुस्त बाळ पाहिल्यावर काय करायचं ते कुठल्याही डॉक्टरला कळतं. मी चिठ्ठी लिहिली आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता बालरोगतज्ज्ञांकडे न्या, रक्तातली कावीळ तपासावी लागेल.

आजींनी चिठ्ठी हातात घेतली, पण उठल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, उद्या सकाळी नेलं तर चालेल का? आज सटवी आहे. रात्री ती कपाळावर लिहायला येते. आजच्या रात्री बाळ घरात पाहिजे. आणि रक्त काढायचं तर आज नकोच."

मुलगा ओशाळून माझ्याकडे पाहत राहिला. तुम्हालाही कदाचित आजींचा राग येईल. मला आला नाही, आणि का आला नाही ते सांगायलाच आजचा लेख लिहिते आहे. बाळाचं पुढे काय झालं तेही सांगते.

सटवी म्हणजे काय हे तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत असेल, पण आताच्या तरुण आईबाबांसाठी थोडक्यात सांगते. बाळ जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या दिवशी संध्याकाळी बाळंतिणीच्या खोलीत पूजा मांडतात. पाचव्या दिवशी असेल तर पाचवी, सहाव्या दिवशी असेल तर सटवी. सटवी हे 'षष्ठी'चंच घरगुती रूप. पाटा-वरवंटा मांडून त्यालाच देवी मानतात, हळदकुंकू वाहतात, नैवेद्य दाखवतात, रात्रभर दिवा तेवत ठेवतात. शेजारी एक कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. पूर्वी बोरू आणि दौत असे, आता बॉलपेन असतं. उशाशी विळा नाहीतर कोयता. मध्यरात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं सगळं आयुष्य लिहून जाते. ते कुणाला वाचता येत नाही आणि पुसताही येत नाही. बाळ झोपेत हसलं तर सटवाई हसवते, रडलं तर तीच रडवते. (हे हसणं अगदी नैसर्गिक असतं, त्याची काळजी करू नका. नवजात बाळाची बरीचशी झोप अशी चाळवलेली असते, आणि त्या झोपेत चेहऱ्याचे स्नायू आपोआप हलतात.)

आणि हे फक्त मराठी घरांतलं आहे असं समजू नका. माझ्या दवाखान्यात एकाच आठवड्यात मराठी घरातली पाचवी, गुजराती घरातली छठ्ठी, उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबाची छठी आणि शेजारच्या गल्लीतल्या मुस्लिम घरातली छठी अशी चारही निमंत्रणं आलेली मी पाहिली आहेत. बंगालमध्ये त्याच रात्री विधातापुरुष येऊन लिहितो. देव वेगळे, भाषा वेगळ्या, रात्र मात्र बहुधा तीच. सगळ्यांना सहावी रात्रच का सापडली?

जुनी पुस्तकं उघडली की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मूळचं पैठणच्या घराण्यातल्या कमलाकर भट्टांनी काशीत १६१२ साली 'निर्णयसिंधु' लिहिला. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' १७९० च्या सुमाराचा. आपल्याकडच्या जुन्या घरांतले बरेच विधी या दोन ग्रंथांच्या आधाराने चालत. दोन्हींत षष्ठीपूजन आहे आणि रात्रीचं जागरणही आहे. पण त्या जागरणाची सूचना अशी की पुरुषांनी हातात शस्त्रं घेऊन जागावं आणि बायकांनी नाचगाणी करत रात्र काढावी. १८८२ चा ठाणे जिल्ह्याचा इंग्रजी गॅझेटियर पाहा. आपली जोगेश्वरी तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यात होती, मुंबई उपनगर जिल्हा झाला तो १९२० साली. त्या गॅझेटियरमध्ये एकेका जातीच्या चालीरीती लिहिल्या आहेत, आणि बाळंतपणाच्या वर्णनात पाचव्या-सहाव्या रात्रीची सटवाईची पूजा पुन्हा पुन्हा येते.

आता विचार करा. भविष्य लिहायला एक देवी येणार असेल तर तिच्या स्वागताला शस्त्रं कशाला? अंधार पडू नये म्हणून इतका आटापिटा कशाला? कुणीच का झोपायचं नाही? ही तयारी पाहुणीची वाटत नाही, पहाऱ्याची वाटते. त्या रात्री घरातली माणसं कशाला तरी घाबरलेली होती.

ती भीती कशाची होती ते मला माझ्या आजीकडून कळलं. खरं तर तिने सांगितलं तेव्हा कळलं नाही, पंधरा वर्षांनी कळलं.

माझी आजी रत्नागिरीकडची. तिचे पहिले दोन मुलगे आठवड्याच्या आत गेले. ती हे फार शांतपणे सांगायची, लसूण सोलता सोलता. "दोन दिवस चांगला पीत होता गो. मग तोंडच उघडेना. रडायला जायचा तर आवाज फुटेना. अंग असं ताठ, फळीसारखं. सटवीनं लिवलंच नव्हतं, नेलं." दोघांचं अगदी सारखं झालं. तिसरे माझे वडील. ते जगावेत म्हणून त्यांचं नाव दगडू ठेवलं, म्हणजे दगडाला कोण नजर लावणार! शाळेत त्यांचं नाव बदललं, पण गावात ते शेवटपर्यंत दगडूच राहिले. तुमच्या घरातल्या जुन्या नावांत धोंडू, दगडू, केरू, भिकाजी अशी नावं असतील तर एकदा विचारून पाहा. पुष्कळदा त्या नावाच्या आधी एक-दोन पाळणे रिकामे झालेले असतात. सटवाजी, सटवाबाई ही नावं तर थेट देवीच्या हवाली केलेल्या मुलांची.

१९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मी इंटर्न होते. लहान मुलांच्या वॉर्डाच्या टोकाला एक अंधारी खोली होती. तिथे सात दिवसांचं एक बाळ ठेवलं होतं, मुंबईबाहेरून आलेलं. आमच्या सरांनी आत जाण्याआधी आम्हाला बांगड्या काढून ठेवायला सांगितल्या. किणकिणाट झाला तरी बाळाला झटका येईल, म्हणाले. दिवा लावायचा नाही, उगाच हात लावायचा नाही. बाळाचा जबडा आवळलेला, ओठ ताणून हसल्यासारखे झालेले, मुठी घट्ट, पाठ कमानीसारखी. नाकातून नळी घालून दूध चाललं होतं. नाळेवर काहीतरी काळं वाळलेलं होतं. राख असावी.

रात्री खोलीवर येऊन मी पुस्तक उघडलं. नवजात बाळाचा धनुर्वात. त्याची व्याख्याच अशी आहे: पहिले दोन दिवस बाळ नीट दूध ओढतं आणि नीट रडतं, तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसामध्ये कधीतरी दूध ओढणं बंद होतं, अंग ताठ होतं, झटके येतात. मी ते वाक्य दोनदा वाचलं. आजीने लसूण सोलताना सांगितलेलं सगळं त्यात होतं.

हा आजार कसा होतो ते सोपं करून सांगते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजाच्या रूपात पडून असतात. उकळत्या पाण्यालाही ही बीजं सहजासहजी दाद देत नाहीत. त्यांना वाढायला प्राणवायू नसलेली जागा लागते, आणि कापलेल्या नाळेचा मरत चाललेला तुकडा ही त्यांच्यासाठी उत्तम जागा. जंतू तिथेच राहतात, पण त्यांचं विष नसांमधून मज्जारज्जूपर्यंत पोचतं आणि स्नायू सैल करणारी यंत्रणाच बंद पाडतं. म्हणून अंग आवळतं. या सगळ्याला काही दिवस लागतात. लक्षणं बहुधा चौथ्या ते चौदाव्या दिवसात दिसतात, सरासरी साधारण सातव्या दिवशी. दिवस मोजून पाहा. पाचवी, सटवी आणि त्या पुढची रात्र.

सुईण नाळ कापायची ती हाताला लागेल त्या धारदार वस्तूने. कोकणात कोयती, देशावर विळा. काही ठिकाणी बांबूची चीप. त्याच विळ्याने सकाळी गवत कापलेलं असायचं. मग नाळेवर राख, हळदतेल, कुठे शेणसुद्धा. सुईण वाईट नव्हती, अडाणीही नव्हती. अडलेली बाळंतपणं ती हातांनी सोडवायची. पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि चूक झाल्यावर सहा दिवसांनी शिक्षा मिळते तेव्हा दोन्हींचा संबंध कुणाला लागणार? पहिल्या दिवशी नाळेवर घडलेली गोष्ट सहाव्या दिवशी कपाळावर लिहिलेली दिसायची. ज्या विळ्याने नाळ कापली तोच किंवा त्याचा भाऊ उशाशी राखणीला ठेवलेला असायचा, हे मला अजूनही आठवलं की कसंतरी होतं.

फार मागे नाही, १८८४ मध्ये जर्मनीत आर्थर निकोलायर यांनी मातीतल्या या जंतूचा छडा लावला. १८८९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ किटासाटो यांनी तो वेगळा करून वाढवला. मुंबईचाही या जंतूशी एक कडू संबंध आहे. परळच्या प्रयोगशाळेतून गेलेल्या प्लेगच्या लशीमुळे १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी १९ माणसं धनुर्वाताने दगावली. दोष डॉ. हाफकिन यांच्यावर आला, त्यांचं पद गेलं. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता, असं नंतर पुढे आलं. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, आणि आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जमिनीला लागलेला एक चिमटा! नाळेवर राख चोळणाऱ्या सुईणीला हसण्याआधी मी ही गोष्ट आठवते.

जगात इतरत्र काय होतं तेही पाहू. पंजाबात या आजाराला 'आठव्या दिवसाचा आजार' म्हणत. दक्षिण अमेरिकेत स्पॅनिश बोलणारे 'सात दिवसांचं दुखणं' म्हणत. आयर्लंडच्या डब्लिनमधल्या प्रसूतिगृहात अठराव्या शतकात 'नऊ दिवसांचे झटके' होते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाचं एक दूरचं बेट आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून जास्त बाळं आठवड्याभरात याच आजाराने जात. बेटावरचे लोक म्हणत, देवाची इच्छा. शेवटी १८९० च्या दशकात तिथल्या पाद्रीबाबांनी ग्लासगोला जाऊन निर्जंतुक बाळंतपण शिकून घेतलं, आणि काही वर्षांत तो आजार बेटावरून गेला.

आणखी मागे जा. तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवलं आहे की मरणारी बाळं बहुतेक सातव्या दिवसाच्या आत मरतात, म्हणून लोक नाव सातव्या दिवशी ठेवतात. त्याच ग्रीकांच्या एका पुराणकथेत मेलिआगर नावाचं बाळ सात दिवसांचं असताना तीन दैवदेवता येतात आणि सांगतात की चुलीतलं हे लाकूड जळून संपेल तोवरच हा जगेल. आई ते लाकूड विझवून पेटीत दडवते. आपलं बारसं बाराव्या दिवशी. धोक्याचे बरेचसे दिवस उलटल्यावर मगच नाव, मगच पाळण्यातली गाणी.

इथे मी जरा सावध राहते. सटवाईची पूजा धनुर्वातामुळेच सुरू झाली असं सिद्ध करता येणार नाही. षष्ठी फार जुनी देवी आहे. यौधेयांच्या जवळपास अठराशे वर्षांपूर्वीच्या नाण्यांवर ती सहा तोंडांची दिसते, आणि बालरोगांवरच्या काश्यपसंहितेतही तिची पूजा आहे. सहा या आकड्याला तिथे वेगळे अर्थ आहेत. पहिल्या आठवड्यात बाळं इतर कारणांनीही जातात: जंतुसंसर्ग, कमी वजन, थंडी, कावीळ. ॲरिस्टॉटलच्या काळात कशाने जात होती ते आज कोण सांगणार? माझं म्हणणं एवढंच आहे की जिथे जिथे लोकांनी नशीब लिहिलं जाण्याची रात्र ठरवली, तिथे ती बाळ जगेल की नाही हे कळण्याच्या दिवसांच्या आसपास पडली. 'भविष्य' या शब्दाचा तेव्हा पहिला अर्थ डॉक्टर होणार की इंजिनीअर हा नव्हता. उद्या असेल का, एवढाच होता.

ते लिखाण बदललं कसं? दोन साध्या गोष्टींनी. एक, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, स्वच्छ हात, स्वच्छ जागा, आणि नाळेवर काहीही न लावणं. दुसरी, गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन. आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिकारशक्ती वारेतून बाळाकडे जाते आणि जन्मानंतरचे ते नाजूक आठवडे त्याला सांभाळते. १९८० च्या दशकात आपल्या देशात दरवर्षी दीड ते दोन लाख नवजात बाळांना धनुर्वात होत असल्याचा अंदाज होता. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम आला. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. इथे निर्मूलन म्हणजे शून्य नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, असा त्याचा अर्थ आहे. माती तर तशीच आहे, शेणही तसंच. म्हणून ते इंजेक्शन आजही घ्यायचं असतं. आता त्याला टीडी म्हणतात, त्यात घटसर्पाचीही लस असते. गरोदरपण कळल्यावर पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. मागच्या तीन वर्षांत गरोदरपणात दोन्ही डोस झाले असतील तर एकच पुरतो. "हॉस्पिटलमध्येच बाळंतपण आहे, मग कशाला?" असं विचारणाऱ्या सुशिक्षित मुली मला दर महिन्याला भेटतात. त्यांना मी माझ्या आजीची गोष्ट सांगते. पटतं.

या कहाणीतला सगळ्यात आवडता भाग मात्र गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं तपासायला पाठवलं. वजन करायचं, ताप पाहायचा, श्वास मोजायचे, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून उपचार करायचे. काम सुरू झालं तेव्हा त्या गावांत हजारामागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा साधारण २५ वर आला. १९९९ मध्ये ते संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि पुढे तीच पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली. आशाताईंनी नवजात बाळाला कोणत्या दिवशी भेटायचं याचं वेळापत्रक आहे: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिला दिवसही. सटवीच्या अलीकडे एक भेट आणि पलीकडे लगेच दुसरी. येणारी बाई हातात छापील कागद आणि पेन घेऊन येते, आणि ती जे लिहिते ते वाचता येतं.

भविष्याच्या धंद्याबद्दलही दोन शब्द. सटवाई या बाबतीत सज्जन आहे. ती दक्षिणा मागत नाही आणि काय लिहिलं ते सांगून कुणाला घाबरवत नाही. कुंडलीचं तसं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सुरुवातीलाच दाखवलं आहे की मूल जन्मल्यापासून ग्रह आणि जप यांच्या नावाखाली शेतकऱ्याच्या घरातून पैसा कसा काढला जातो. आज याचं एक नवं रूप आलं आहे, मुहूर्ताचं सिझेरियन. ज्योतिषी वेळ काढून देतो आणि घरचे डॉक्टरांच्या मागे लागतात. बाळाला किंवा आईला धोका नसताना ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी सिझेरियन केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटीत राहावं लागण्याची शक्यता वाढते. कावीळही अशा बाळांना जास्त होते. चांगल्या नक्षत्रासाठी दहा दिवस आधी काढलेलं बाळ पहिला आठवडा अतिदक्षता विभागात काढतं, हे मी नात्यातच पाहिलं आहे. मूळ नक्षत्रावर जन्मलं म्हणून बापाने बाळाचं तोंड पाहायचं नाही, ही प्रथाही अजून ऐकू येते. त्यावर माझं मत विचारू नका, लेख लांबेल.

आम्ही डॉक्टरही भाकितं करतोच. बाळ जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला 'ॲपगार' गुण देतात. डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ मध्ये ही पद्धत मांडली. रंग, नाडी, प्रतिसाद, हालचाल, श्वास, प्रत्येकाला दोनपैकी. आई-वडील डिस्चार्ज कार्ड घेऊन येतात आणि विचारतात, "दहापैकी आठच का? हुशार होईल ना?" तो गुण बाळाला त्या क्षणी मदत हवी आहे का हे सांगण्यासाठी असतो. शाळेतल्या मार्कांशी त्याचा काही संबंध नाही.

तर त्या आजींकडे येते. मी त्यांना यातलं काहीच सांगितलं नाही. तेवढा वेळही नव्हता. मी फक्त विचारलं, "आजी, तुमच्या सासूबाई सटवीच्या रात्री झोपायच्या का?"

"छे, झोपून कसं चालेल? बाळावर नजर ठेवायची असते ना."

"मग आज रात्री तुम्ही जेवढं जागणार, त्याच्याहून जास्त तिथल्या सिस्टर जागतील. पाटा-वरवंटा नसेल, पण दिवा असेल. रात्रभर, बाळाच्या अगदी अंगावर."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग मुलाला म्हणाल्या, "रिक्षा बघ."

कावीळ १९ निघाली. सदतीस आठवड्यांच्या सहा दिवसांच्या बाळाला एवढी कावीळ झाली तर थांबून चालत नाही. ती आणखी चढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, बहिरेपणही येऊ शकतं. म्हणून इथे थांबून तुम्हाला एवढंच सांगते. बाळ पोटापर्यंत किंवा पायांपर्यंत पिवळं दिसलं, दूध ओढत नसलं, उठवूनही उठत नसलं, अंग गरम किंवा गार लागलं, नाळेभोवती लाली आली किंवा पू दिसला, बाळ ताठ झालं, तर दिवस कुठला आहे ते न पाहता त्याच तासाला घेऊन निघा. नाळेला काही लावू नका, ती कोरडी राहू द्या. आणि पिवळेपणासाठी बाळाला उन्हात ठेवणं हा उपचार नाही.

बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. आई दुसऱ्या रिक्षाने आली. दर दोन-अडीच तासांनी तिने दूध पाजलं. मी दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा बाळाच्या वडिलांनी सांगितलं की कावीळ उतरते आहे, अजून एक दिवस ठेवणार आहेत. मग जरा आवाज खाली करून म्हणाले, "मॅडम, आईने काल रात्री वहीचं एक पान आणि माझं पेन सिस्टरच्या टेबलावर ठेवलं होतं. सिस्टर काही बोलल्या नाहीत."

सव्वा महिन्यानंतर आजी बाळाला लेण्यातल्या जोगेश्वरी देवीच्या पाया पडवून येताना दवाखान्यात डोकावल्या. त्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळत असल्याचं एक शिल्प आहे. दीड हजार वर्षांच्या दमट हवेने ते इतकं झिजलं आहे की कोण जिंकतंय ते कळत नाही. बाळाचं वजन पावणेचार किलो भरलं. मी विचारलं, "काय आजी, त्या कागदावर काही लिहिलं होतं का?"

"कोराच होता," आजी म्हणाल्या. "पण सिस्टरने त्याच्याच मागच्या बाजूला रात्रभर किती वेळा दूध पाजलं ते लिहून ठेवलं. देव्हाऱ्यात ठेवलाय मी तो."